कोण कुठे बसलंय

दर शुक्रवारी दुपारचा चहा झाला की मी आमच्या हॉलमधला एसी बंद करते. ओमानमध्ये, तेही भर जूनमध्ये, दिवसाउजेडी एसी बंद करणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतील. जे आमच्या बैठकीला एकदाच आले आणि पुन्हा फिरकले नाहीत, ते तसं म्हणतातही. पण एसीची ती घरघर गाण्याच्या बुडाशी ठाण मांडून बसते. घरघरीसकट गाणं ऐकायचं तर आपापल्या गाडीत ऐकावं, त्यासाठी माझ्या घरी कशाला यायचं? म्हणून एसी बंद, खिडक्या बंद, आणि ज्याच्यावर अल्बम लावायचा तो सोडून बाकीचे फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजतो आणि तो संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मांडीवर ताल धरायचा नाही, बोटं नाचवायची नाहीत, 'वा' म्हणायचं नाही. उन्हाळ्यात लोक आपसूक छोटे अल्बम आणतात. घाम विसरायला लावेल तो अल्बम चांगला, एवढी साधी आमची परीक्षा.

हे नियम माझे. आणखी एक नियम आहे आणि तो सगळ्यात कडक आहे. सध्या जे ऐकताय तेच आणायचं. कधी काळी आवडलेलं, सगळ्यांनी वाखाणलेलं, लोकांवर छाप पाडणारं काही चालणार नाही. या आठवड्यात भाजी चिरताना, गाडी चालवताना तुम्ही खरोखर जे पुन्हा पुन्हा लावलंत तेच. माणूस खरा कळतो तो त्यातून, असं माझं मत आहे आणि माझी मतं मी सहसा बदलत नाही.

आम्ही मस्कतजवळ अल अमेरातला राहतो. ऑफिससाठी मी रोज डोंगरातला रस्ता उतरून कुरुमला जाते. आमच्याकडचे दोन मोठे लाकडी स्पीकर देश सोडून चाललेल्या एका कुटुंबाकडून घेतलेले. इथे प्रत्येकाच्या घरात कोणीतरी मागे ठेवून गेलेलं काहीतरी असतंच. एक स्पीकर दाराजवळ, दुसरा फ्रिजजवळ. मधल्या भिंतीवर लाकडी देवघर, त्याच्याखाली माझं शिवणाचं मशीन. फ्रिज हॉलमध्ये का, असं विचारू नका. स्वयंपाकघराच्या दारातून तो आत गेला नाही, एवढंच.

या खोलीत भाई पहिल्यांदा आले ते गाणं ऐकायला नव्हे. आमचा एसी बंद पडला होता. मेकॅनिक म्हणाला, बोर्ड जळालाय. तो बोर्ड घेऊन दुकानाचे मालक स्वतःच आले, कारण ते राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. माणूस रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. रुसैलला एसीच्या सुट्या भागांचं दुकान आणि गोदाम. धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, आणि स्वतःविषयी उत्तम मत असलेले. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही म्हणते. त्या दिवशी एसी नाहीच तर नाही, म्हणून मी एक ख्यालाचा अल्बम लावून बसले होते. मेकॅनिक शिडीवर चढला. भाई हॉलच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि इकडे तिकडे बघायला लागले.

"वैनी," ते म्हणाले, "तंबोरेवाली तुमच्या मशीनकडं बसलीय. पेटीवाला फ्रिजला टेकलाय. गाणारीण मधे. आणि तबलेवाला मात्र पार दारात हाय. त्याला जरा आत घ्या की, बाहेर ऊन लागतंय."

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. ओळख व्हायच्याही आधी. अल्बम चालू असताना बोलणारा माणूस मला सहन होत नाही. पण ते गप्प झाले आणि मी ऐकायला लागले, तर तबलेवाला खरंच दारात होता! चप्पल काढतो तिथे, उंबऱ्याला गुडघा लावून. इतकी वर्षं हा अल्बम मी ऐकत होते. राग कळत होता, ताल कळत होता, बंदिशीतला शब्दन् शब्द पाठ होता. पण माझ्या घरात चार माणसं बसलेली आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं.

बोर्ड बसवून झाला. एसी सुरू करू का, असं मेकॅनिकने विचारलं. "अल्बम संपू दे," मी म्हणाले. ज्याचा अख्खा धंदा एसीवर चालतो तो माणूस घामाने निथळत शेवटपर्यंत बसला आणि जाताना म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी मी आणतो. मी सध्या एक ऐकतोय, कडक हाय." अशी आमची बैठक सुरू झाली.

हे त्यांना कसं येतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "येतं काय त्याच्यात? लहानपणी बा होडी घेऊन जायचा. येताना काळोख असायचा. मी धक्क्यावर उभा राहून सांगायचो, डावीकडनं येतोय, आता वळला, आता खडकाच्या ह्या अंगाला. इंजिनाचा आवाजच ऐकायचा. आई चूल पेटवायची ती माझ्या सांगण्यावर." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो रुबाब होता तो एखाद्या कप्तानाला शोभला असता. माणूस बढाईखोर आहे, यात शंका नाही. पण काही लोकांची बढाई ऐकताना आपल्यालाच बरं वाटतं.

बैठकीतली तिसरी म्हणजे आमच्या इमारतीतली एक सॉफ्टवेअरवाली मुलगी. जन्म मस्कतचा, शाळा इथलीच, मराठी अडखळत चालणारं. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "काकू, मी जे ऐकते ना, ते तुम्हाला... प्लीज, नो जजिंग." मी म्हटलं, जजिंग तर होणारच, नाहीतर यायचं कशाला! तिने जो अल्बम लावला त्यात गाणारं कोणी नव्हतं आणि ओळखीचं वाद्यही नव्हतं. दूर कुठेतरी भांडी घासल्यासारखं, मधेच टिटवीसारखं, मधेच श्वास घेतल्यासारखं. माझ्या कपाळावरची आठी तिने पाहिली असणार. अल्बम संपला आणि ती मान खाली घालून बसली.

भाई म्हणाले, "ह्यात वादक बसतच नायत. उडतायत. एक आत्ता पंख्यावरनं गेला." मग तिच्याकडे वळून, "पोरी, मला पाठव हे. आजच पाठव." तिचा चेहरा असा उजळला की त्या एका वाक्यासाठी मी भाईंना उरलेल्या सगळ्या बढाया माफ केल्या.

चौथे आमचे हे. चहा यांच्याकडे. अल्बम सुरू झाला की यांचे डोळे मिटतात आणि थोड्या वेळाने हलकं घोरणं ऐकू येतं. झोपत नाही, डोळे मिटून ऐकतो, असं यांचं म्हणणं. मी वाद घालत नाही.

किती ऐकलं आम्ही त्या खोलीत! भाईंनी ऊदचा, म्हणजे इकडच्या अरबी तंतुवाद्याचा, एक अल्बम आणला. इथल्याच एका तरुणाने वाजवलेला. तारेवरून बोट सरकतानाची करकर त्यात तशीच ठेवलेली होती, आणि भाई आमच्या ह्यांना म्हणाले, हा मुलगा तर आपल्या सोफ्याच्या हातावरच बसलाय, साहेब, जरा सरका. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बायकांच्या गाण्यांचा एक अल्बम त्यांना दुकानातल्या गिऱ्हाइकाने दिला होता. तो ऐकून मी आठवडाभर दुसरं काही लावलं नाही. मुलीने मला न विचारता माझ्या फोनवर काय काय भरून ठेवलं आणि मीही ते मुकाट्याने ऐकलं. तिने माझ्याकडून झपताल मोजायला शिकून घेतला. मी म्हणजे एके काळी ख्यालाच्या पलीकडे नाक मुरडणारी बाई. मला या लोकांनी बदललं, असं मी म्हणणार नाही. पण जे आपल्याला आवडतं ते दुसऱ्यापुढे ठेवून, तो काय म्हणतोय याची वाट बघत गप्प बसणं, याला मोठी छाती लागते, हे मला तिथे कळलं. ती छाती या सगळ्यांकडे होती. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

अल्बम संपला की पहिलं वाक्य भाईंचं, हेही ठरूनच गेलं होतं. ते सगळ्यांना जागेवर बसवायचे. सरोदवाला इथे, झांजवाली तिथे. आणि अल्बममध्ये बासरी असली की तो बासरीवाला कसा कोण जाणे नेहमी मधल्या भिंतीशी, देवघराशेजारी निघायचा. "त्याला तिथंच बरं वाटणार," भाई हसत म्हणायचे, "वैनी, त्याला चहा द्या."

मग या हिवाळ्यातला तो शुक्रवार आला. अल्बम मी आणलेला, तीन व्हायोलिनांचा. संपल्यावर भाई कपाळाला आठ्या घालून फ्रिजकडे बघत राहिले.

"आज सगळे फ्रिजकडं का दाटलेत?"

"कोण सगळे?"

"तिघं पण. दाराकडं कोणीच नाय. तुमचा स्पीकर गेला, वैनी."

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. माझा स्पीकर? मुलीने उठून वायर तपासल्या. आमच्या ह्यांनी टॉर्च आणला. आम्ही दोन्ही स्पीकरच्या वायर उलटसुलट लावून पाहिल्या. भाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, यल्ला, चल, आता लाव, नाय, अजून फ्रिजकडंच. शेवटी मुलगी दारातल्या स्पीकरला कान लावून म्हणाली, "भाईअंकल, इथून येतंय ना. एकदम क्लिअर."

आम्ही तिघांनीही ऐकलं. येत होतं.

भाई उठले. फोन घेतला, त्यावर तेच व्हायोलिन लावलं आणि उजव्या कानाला धरलं. मग डाव्या कानाला. मग पुन्हा उजव्या. खोलीत एवढी शांतता माझ्या नियमांनी कधी आणली नव्हती. त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "स्पीकर ठीक हाय, वैनी."

तपासण्या झाल्या. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती. वाईट जातीची नव्हती, पण वाढत होती आणि काढायला हवी होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ निघेल, पण तिच्याबरोबर त्या कानाचं ऐकणंही जाईल, उरलंसुरलं सगळंच. दुसरा कान उत्तम आहे, माणूस एका कानावर सहज जगतो. हे भाईंनी आम्हाला सांगितलं आणि वर हसून म्हणाले, "टेलिफोनला एकच लागतो." पण मला कळत होतं काय जाणार आहे ते. एका कानाला आवाज ऐकू येतो. तो कुठून येतो ते कळत नाही. ज्याने लहानपणी काळोखात बापाची होडी शोधली, त्याच्या हातून दिशाच जाणार होती.

ऑपरेशन मुंबईला ठरलं. त्याआधीच्या शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी एकच चूक केली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. आम्ही प्रत्येकाने 'दोन कानांनी एकदा ऐकलाच पाहिजे' असा अल्बम आणला. मी तर माझ्या लाडक्या जुगलबंदीचा काढला, एक सतार या टोकाला, एक त्या टोकाला. मुलीने कुठल्याशा भल्यामोठ्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रण केलेलं समूहगान आणलं. आमच्या ह्यांनी, ज्यांनी आजवर चहाखेरीज काही आणलं नव्हतं, त्यांनीही एक शोधून ठेवला होता.

भाईंनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"वैनी, ही जुगलबंदी तुम्ही सध्या ऐकताय?"

मी हातातला फोन पालथा ठेवला.

"पोरी, तू सध्या चर्चमध्ये जातेस?" मग त्यांचा आवाज चढला. "काय चाललंय काय? मयताला आल्यासारखं एकेक घेऊन आलाय. नियम कोणी केला? सध्या जे ऐकताय ते. मी सध्या जिवंत हाय, आणि सध्या हे ऐकतोय." आणि त्यांनी लावला तो मुलीचाच पहिला अल्बम, भांड्यांचा आणि टिटवीचा. रुसैलला जाता-येता ते रोज तोच ऐकत होते म्हणे. एका बाजूने जवळजवळ काही येत नसताना.

मी त्यांच्याकडे बघत ऐकला. डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे, उरलेसुरले थेंब गोळा केल्यासारखी. संपल्यावर त्यांनी कोणालाही जागेवर बसवलं नाही. म्हणाले, "उडतायत अजून," आणि फोन घेऊन निघाले. मुलगी जिन्यात जाऊन रडली. मी तिला आत आणलं आणि मग मीही रडले.

ऑपरेशन नीट झालं. भाई परत आले ते बारीक होऊन. चालताना भिंतीला हात लावत, कारण तोल अजून जागेवर यायचा होता. हसताना ओठाची एक बाजू जरा मागे राहायची. बैठकीला कधी येणार, असं विचारलं की इन्शाल्ला म्हणायचे, आणि त्यांचं इन्शाल्ला मला कधी एवढं लांबचं वाटलं नव्हतं. कितीतरी शुक्रवार आम्ही तिघांनीच ऐकलं. अल्बम संपला की पहिलं वाक्य कोणी बोलायचं, ते कोणालाच कळत नसे.

शेवटी एकदा त्यांचा निरोप आला, या शुक्रवारी येतो. आम्ही तयारीला लागलो. मुलीची कल्पना अशी की दोन्हीकडचा आवाज एकत्र करून टाकायचा, म्हणजे त्यांचं काही निसटणार नाही. मला ते पटलं. आम्ही दारातला स्पीकर ओढत फ्रिजकडे नेला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि भाईंची खुर्ची त्यांचा उजवा कान तिकडे येईल अशी वळवली. माझ्या डोळ्यांना ते फार मायेचं दिसलं.

भाई दारात उभे राहिले. दाराजवळची रिकामी जागा पाहिली, फ्रिजकडची गर्दी पाहिली.

"हे काय केलंत?"

मुलीने समजावलं, अडखळत, निम्मं इंग्रजीत. ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी.

"म्हणजे आता तुम्हाला पण नाय कळणार कोण कुठे बसलंय ते?"

मुलगी स्पीकरची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"माझा एक गेला म्हणून तुम्ही आपले पण बुजवून घ्यायचे? एवढी चांगली माणसं घरात येतात वाजवायला, त्यांना असं एका कोपऱ्यात कोंबायचं?" आणि तो तोल न सावरलेला माणूस स्पीकरला हात घालायला वाकला. आमचे हे धावले. दोघांनी मिळून तो स्पीकर पुन्हा दाराशी नेऊन ठेवला. भाई धापा टाकत खुर्चीत बसले. "खलास," म्हणाले. "एसी बंद करा, वैनी."

मी एसी बंद केला. अल्बम त्यांचाच होता. एक नवं वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण. मुंबईत पडल्या पडल्या उशाशी फोन ठेवून ते हेच ऐकत होते. मी कधी ऐकलं नव्हतं. सुरू झालं. भाईंनी नेहमीसारखे डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. ते दाराकडे बघू लागले, मग फ्रिजकडे. मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली. सगळं ऐकू येत होतं त्यांना, पण त्या ओळखीच्या खोलीत ते हरवले होते. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मग त्यांनी नजर जमिनीवर लावली. ते मला बघवेना.

बोलायचं नाही, हा माझाच नियम. मी हात उचलला. सारंगी चालू होती, मी दाराकडे बोट केलं. चप्पल काढतो तिथे. भाईंनी माझ्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे. मी बोट तसंच धरून ठेवलं. मग घटम आला, मी फ्रिज दाखवला. तिकडून झांजेची बारीक किणकिण सोफ्यापर्यंत सरकली, माझा हात तिच्याबरोबर सरकला. आयुष्यभर लोकांच्या मांडीवरचे हात दाबून ठेवणारी मी, दोन्ही हात वर करून बसले होते. एवढं लक्ष देऊन मी कधी काही ऐकलं नव्हतं. चुकीच्या ठिकाणी बोट गेलं तर तो वादक त्यांच्यासाठी कायमचा चुकीच्या जागी बसणार होता. मुलगी उठून माझ्याशेजारी आली आणि माझ्याकडून निसटत होतं ते ती दाखवायला लागली. भाई आता मागे रेलले होते आणि आमच्या हातांकडे बघत होते. ओठाची चांगली बाजू हसत होती.

शेवटून दुसऱ्या तुकड्यात बासरी आली. मी कान देऊन ऐकलं, खात्री करून घेतली आणि मधल्या भिंतीशी, देवघराशेजारी बोट नेलं.

भाईंनी बराच वेळ तिथे पाहिलं. मग अल्बम चालू असताना, माझ्या घरात, चांगल्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "वैनी, त्याला चहा द्या."

मी हात खाली घेऊ शकले नाही, कारण बासरी अजून तिथेच होती. घोरणं केव्हाच थांबलं होतं. आमचे हे उठले, थर्मासमधला चहा एका कपात ओतला आणि आवाज न करता शिवणाच्या मशीनवर, देवघराखाली नेऊन ठेवला.